दुधातलं चांगलं टिकवायचं कसं : चिकापासून ताकापर्यंत

मागच्या आठवड्यात शेजारच्या अक्का स्टीलच्या डब्यात जुन्नू घेऊन आल्या. जुन्नू म्हणजे आपला खरवस, तेलुगूत जुन्नू, कानडी घरात गिण्णु, सोलापुरात एका गल्लीत तिन्ही नावं ऐकायला मिळतात आणि तिन्ही घरचा वेगळा लागतो, कुणाचा गुळाचा कुणाचा साखरेचा, अक्कांच्या खरवसात मिरपूड असते. डबा हातात देताना म्हणाल्या, "खा रे, इम्युनिटी वाढती, गोळ्यापेक्षा भारी." मी खाल्ला, चांगला दोन वाट्या खाल्ला, पण ते इम्युनिटीचं काही खरं नाही, आणि का खरं नाही हे सांगायला गेलं की मग दुधात नेमकं काय असतं, ते तापवल्यावर कुठं जातं, दह्यात काय होतं, सगळंच सांगावं लागतं. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

माझा संबंध असा की लहानपणी सुट्टीत मोहोळ तालुक्यात मामाकडं जायचो आणि मामाचं दूध संकलन केंद्र होतं. पहाटे साडेपाचला सायकली, लुना, डोक्यावर चरव्या घेतलेल्या बायका, अशी रांग लागायची. मामा कॅनचं झाकण उघडून आधी नाक लावायचा, मग मापट्यात लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघायचा, मग फॅटची बाटली. नाकाला खटकलं की बाकीचं बघायचंच नाही, कॅन बाजूला. पुढं मी डेअरीचा डिप्लोमा केला, नोकरी मात्र भलतीच करतोय, पण दुधाची खोड गेली नाही.

पहिलं म्हणजे चीक

गाय म्हैस व्याल्यावर पहिल्या धारेला जे पिवळट, चिकट, घट्ट दूध येतं तो चीक. त्यात प्रथिनं 14 टक्क्यांच्या आसपास असतात, नेहमीच्या दुधात तीन-साडेतीन, म्हणजे चौपट झालं. आणि ह्या प्रथिनांत मोठा वाटा असतो इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटीबॉडीचा. गाईच्या पहिल्या चिकात लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास अँटीबॉडी, आणि तीच गाय आठवड्यानं जे दूध देते त्यात जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. एवढा फरक का, तर माणसाच्या बाळाला आईच्या अँटीबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात, वासराला मिळत नाहीत. वासरू जन्माला येतं ते कोरं. त्याचं सगळं संरक्षण चिकातून यायचं असतं, आणि त्याच्या आतड्याची दारं त्यासाठी साधारण 24 तासच उघडी असतात, त्यातही पहिले पाच-सहा तास खरे. नंतर कितीही चीक पाजा, अँटीबॉडी रक्तात जात नाही, पचून जाते.

म्हणून गोठा असणाऱ्यांनी हे पाठ करा : वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात गेला पाहिजे, 25 किलोचं असेल तर अडीच लिटर, आणि त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन-तीन तासांत. वार पडेपर्यंत थांबायचं अशी एक जुनी समजूत आपल्याकडं आहे, ती सोडा, वार पडायला कधी आठ तास लागतात, तोवर रेडकाचं नुकसान झालेलं असतं. त्याचं भागलं की मग खरवस.

आता खरवस खाणाऱ्याचं. तुमच्या माझ्या आतड्याची ती दारं कधीच बंद झालीत, त्यात आपण चीक वाफवतो. वाफवल्यावर अँटीबॉडी शिजते, अंड्याचा पांढरा भाग शिजून घट्ट होतो ना, डिट्टो तसंच, आणि खरवस वडीसारखा थापला जातो तो ह्याच कारणानं, त्यात विरजण नाही, लिंबू नाही, नुसत्या उष्णतेनं प्रथिनं जमतात. म्हणजे खरवस जमला ह्याचाच अर्थ अँटीबॉडी कामातून गेली. खाऊ नका असं अजिबात म्हणत नाही, प्रथिनांचा एवढा चविष्ट पदार्थ दुसरा नाही. फक्त औषध म्हणून खाऊ नका, आणि चिकाची पावडर भरलेल्या महागड्या कॅप्सूल कुणी गळ्यात मारत असेल तर ते पैसे शेंगाचटणीत घाला.

करायचा कसा, तर पहिल्या दिवसाचा चीक एक वाटी असेल तर साधं दूध दोन वाट्या, दुसऱ्या दिवसाचा असेल तर एकास एक, तिसऱ्या दिवशीच्याला दूध नावाला. प्रत्येक जनावराचा चीक वेगळा, म्हणून अंदाजावर जाऊ नका, आधी छोट्या वाटीत चमचाभर मिश्रण घालून पाच मिनिटं वाफवून बघा. रबरासारखं झालं तर दूध वाढवा, जमलंच नाही तर चीक वाढवा. गूळ विरघळवून गाळून घ्या, वेलदोडा, जायफळ, आणि अक्कांच्या पद्धतीनं चिमूटभर मिरपूड, ती खरंच छान लागते. कुकरला शिट्टी न लावता 20-25 मिनिटं मंद वाफ. शिट्टी केली की जाळी पडते आणि पाणी सुटतं.

ह्याच्याच जोडीला एक महत्त्वाचं. बाईच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळ्या दुधालाही चीकच म्हणतात आणि अजूनही काही घरांत "ते जड असतं, पिळून टाक" म्हणणारी एखादी म्हातारी निघते. तिला प्रेमानं बाजूला घ्या. ते टाकायचं नाही. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाभरात अंगावर घ्यायचं, सहा महिने आईचंच दूध, मध नाही, गुटी नाही, वरचं पाणीसुद्धा नाही. आईच्या चिकात अँटीबॉडी असतात त्या बाळाच्या आतड्याला अस्तर लावल्यासारख्या बसतात, लॅक्टोफेरिन नावाचं जंतूंना रोखणारं प्रथिन असतं, आणि एक गंमत म्हणजे शंभरावर प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशाला? तर बाळाच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं ते जेवण. आई एका वेळी दोघांना जेवू घालते, बाळाला आणि त्याच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंना.

कच्चं प्यायचं नाही

धारोष्ण दुधाचं कौतुक मीही ऐकत मोठा झालो. कासंडीतलं फेसाळ कोमट दूध, तालमीतली पोरं, वगैरे. आणि खरं सांगायचं तर त्यामागं थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते कौतुक मरत नाही.

ताज्या दुधात काही पहारेकरी असतात. एक ते मघाचं लॅक्टोफेरिन, ते लोखंड म्हणजे लोह घट्ट धरून ठेवतं, जिवाणूंना वाढायला लोह लागतं ते मिळत नाही आणि ते उपाशी मरतात. दुसरं लॅक्टोपेरॉक्सिडेज, ते जिवाणूंना थेट त्रास देणारं रसायन बनवतं. ह्यांच्यामुळं धार काढल्यावर पहिले दोनेक तास दूध स्वतःच स्वतःची राखण करतं. मामा दूध उशिरा आणणाऱ्यावर डाफरायचा, "सात वाजता उठून आणलंस व्हय रं" म्हणून, त्याला लॅक्टोपेरॉक्सिडेज हा शब्द माहीत नव्हता पण दोन तासांचं गणित पक्कं माहीत होतं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा 43-44 ला जातो, तेव्हा तर हा वेळ अजून आखडतो.

पण हे पहारेकरी वासराच्या मापाचे आहेत. गाईच्या दुधात लॅक्टोफेरिन लिटरला ग्रॅमचा दहावा-पाचवा हिस्सा असेल, त्यासाठी कच्चं दूध पिणं म्हणजे चिल्लर वेचायला विहिरीत उतरणं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, गोठ्यात जनावर गाभडण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि जनावर वरून धडधाकट दिसतं. माणसाला झाला की ताप येतो जातो, येतो जातो, सांधे धरतात, घाम येतो, महिना महिना निदान होत नाही. टीबीसुद्धा येऊ शकतो. लॅक्टोफेरिनला हे जंतू घाबरत नाहीत. तेव्हा शेतकऱ्याच्या घरचं असो, ओळखीच्या गवळ्याचं असो, कच्चं नाही. शेळीचंही नाही, त्याच्यावर पुढं येतोच.

मग तापवायचं किती

इथं आपल्या घरांत खरा घोळ आहे. आमच्या आईचं दूध दिवसातून तीनदा उकळतं. सकाळी रतीब आला की एकदा, दुपारी "नासायला नको" म्हणून, रात्री विरजायच्या आधी. प्रत्येक वेळी पाच-पाच मिनिटं, खाली करपून खरवड धरेपर्यंत.

पिशवीचं दूध आधीच पाश्चराइज झालेलं असतं, म्हणजे 72 डिग्रीला 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं. एवढ्या तापात रोगाचे जंतू मरतात आणि ते पहारेकरीही बऱ्यापैकी टिकतात, अँटीबॉडीचा मोठा भाग राहतो, लॅक्टोपेरॉक्सिडेज राहतं. कायद्यानं आणि शास्त्रानं ते परत उकळायची गरज नाही. पण दुकानदाराचा फ्रीज दुपारच्या लोडशेडिंगमध्ये किती वेळ बंद होता हे तुम्हाला दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी स्वतः पिशवीचं दूधही एकदा वर येईपर्यंत तापवतो, तेवढा शहाणपणा सोलापुरात चालतो. हिवाळ्यात, पिशवी हाताला गार लागली तर नाही तापवत.

सुट्टं दूध मात्र उकळायचंच. पद्धत अशी : पातेलं आधी पाण्यानं ओलं करा म्हणजे तळाला लागत नाही, मध्यम आच, अधूनमधून पळीनं हलवा म्हणजे तळाचं वरचं सगळं सारखं तापेल, फेस वर आला की अजून एखादा मिनिट आणि गॅस बंद. पातेलं लगेच थंड पाण्याच्या परातीत. आमच्याकडं उन्हाळ्यात परातीतलं पाणी दोनदा बदलावं लागतं. मग झाकून फ्रीजला. लागेल तेवढंच वाटीनं काढून घ्या, सगळं पातेलं परत परत चढवू नका.

उकळल्यावर पहारेकरी जातात हे खरं. मग उकळलेल्या दुधात राहतं काय? भरपूर राहतं. कॅल्शियमला काही होत नाही, आणि केसीन नावाचं मुख्य प्रथिन, दुधातल्या प्रथिनांपैकी 80 टक्के, ते उकळीला दाद देत नाही. दुधाचं मोठं काम ह्या केसीनचंच आहे. ते कॅल्शियमचे बारीक बारीक गोळे पोटात धरून पाण्यात तरंगतं, नाहीतर एवढं कॅल्शियम पाण्यात विरघळून राहिलंच नसतं, तळाला चुन्यासारखं बसलं असतं. पोटात गेल्यावर केसीनचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि त्यातले काही तुकडे कॅल्शियमला धरून ठेवतात, विरघळलेलं राखतात. दातांचे डॉक्टर किडायला लागलेल्या दातांना लावायला एक क्रीम देतात त्यात हेच दुधाचे तुकडे असतात.

जातं ते काय, तर परत परत उकळण्यानं बी-12 चा काही भाग जातो. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडं शाकाहारी घरं खूप, लिंगायत, जैन, मारवाडी, आणि ज्याला त्याला बी-12 ची इंजेक्शनं चालूयत. शाकाहारी माणसाला बी-12 मिळायची जागा म्हणजे दूध, दही, ताक, पनीर, बास. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम लागतं आणि दोन ग्लास दुधात पावणेदोन-दोन मिळतं, तेही न जाळता प्यायलं तर. आईला हे सांगितल्यावर ती तीनवरून दोनवर आली, एवढं यश मी पदरात घेतलंय.

अजून एक चोर आहे तो म्हणजे ऊन. रायबोफ्लेविन म्हणजे बी-2 हे उजेडानं मोडतं. पारदर्शक बाटलीत दूध भरून गॅलरीत ठेवलं, तास-दोन तास कडक ऊन लागलं, की बराचसा बी-2 गेला आणि दुधाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, जो आपण "फ्रीजचा वास" म्हणून सोडून देतो. गवळी पितळी-ॲल्युमिनियमच्या कॅनमधून आणायचे त्यात दूध अंधारात असायचं. स्टीलचा डबा बरा.

दही लावताना

रात्री दूध कोमट करा, बोट बुडवलं तर सहन होईल इतपत, लिटरला चमचाभर विरजण, एकजीव करा. उन्हाळ्यात आपल्याकडं चार-पाच तासांत लागतं, रात्री अकराला लावलं तर पहाटेपर्यंत आंबट ढाण होतं, म्हणून उन्हाळ्यात विरजण निम्मं करा किंवा पहाटे उठून फ्रीजला टाका. डिसेंबरात पातेल्याला टॉवेल गुंडाळून ज्वारीच्या डब्यात.

दह्याचा पक्का, भांडण न करता मान्य झालेला फायदा एक : जिवंत विरजणातले जिवाणू दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवायला मदत करतात. मोठेपणी खूप जणांची लॅक्टोज पचवायची ताकद कमी होते, दूध प्यायलं की पोट फुगतं, गडबड होते, आणि लोक म्हणतात मला दुधाची ॲलर्जी आहे. ॲलर्जी वेगळी, ती प्रथिनांची असते, अंगावर पित्त उठतं, श्वास लागतो, ती डॉक्टरकडं जायची गोष्ट. नुसता गॅस होत असेल तर दूध एकदम रिकाम्या पोटी ग्लासभर न पिता अर्धा कप जेवणासोबत घेऊन बघा, नाहीतर सरळ दह्यावर या.

आता बीपी. प्रथिन म्हणजे अमिनो ॲसिड नावाच्या मण्यांची माळ समजा. विरजणातले काही जिवाणू केसीनचे तुकडे करतात, त्यात तीन-तीन मण्यांचे दोन छोटे तुकडे निघतात, व्हॅलिन-प्रोलिन-प्रोलिन आणि आयसोल्युसिन-प्रोलिन-प्रोलिन. जपानमध्ये आंबवलेल्या दुधात हे सापडले. बीपीची काही औषधं शरीरातल्या ज्या एन्झाइमला अडवतात त्यालाच हे तुकडे थोडंसं अडवतात. इथपर्यंत वाचून माझे एक काका उठले आणि म्हणाले मग गोळी बंद करतो, ताक पितो. थांबा ना. माणसांवरच्या प्रयोगांत फरक पडला तो थोडा, काहींत पडलाच नाही, युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं तर हा दावा मान्यच केला नाही. शिवाय ते जपानी दूध ठरावीक जिवाणूंनी आंबवलेलं, आपल्या विरजणात कुणाकुणाचं बिऱ्हाड आहे ते घरागणिक वेगळं. गोळी चालू ठेवा, दहीही खा. आणि ताकात मीठ घालताना हात आखडा, बीपीवाल्याला त्याचा जास्त फायदा.

दह्यावर जे हिरवट पिवळं पाणी सुटतं ती निवळी सिंकमध्ये ओतू नका हो. तो हिरवट रंग बी-2 चाच आहे. पनीर केल्यावरचं पाणी, चक्का बांधल्यावर खाली गळतं ते, सगळं कामाचं, व्हे प्रोटीनचे डबे जिममध्ये विकतात ते ह्याच पाण्यातून काढलेलं असतं. पनीरच्या पाण्यात प्रथिन थोडंच उरतं कारण उकळताना बरंचसं पनीरला चिकटतं, चक्क्याच्या पाण्यात थोडं जास्त. चपातीची कणीक त्यात मळा, आमटीत घाला, शेंगाच्या कूटाची आमटी असेल तर फारच छान लागते.

ताक, माझा आवडता विषय

दुधातलं फॅट असं मोकळं तरंगत नसतं, बारीक थेंबांत असतं आणि प्रत्येक थेंबाला एक पातळ साल असते. साल म्हणजे तीन पदरी पापुद्राच, लेसिथिनसारखे पदार्थ आणि खास प्रथिनं ह्यांनी बनलेला. तुम्ही दही रवीनं घुसळता तेव्हा ही साल फाटते, आतले थेंब एकमेकांना चिकटून लोणी होतं आणि फाटलेली सालपटं बरीचशी खाली ताकात उतरतात. म्हणजे लोणी काढल्यावर जे "उरलं" म्हणून आपण शेजारी वाटायचो, त्यात दुधातली एक सगळ्यात गुणी गोष्ट जात होती. हल्ली काही कंपन्या लहान मुलांच्या दुधाच्या डब्यात ही साल मुद्दाम घालतात.

ही साल करते काय? स्वीडनमध्ये 2015 साली एक अभ्यास छापून आला, जाडजूड लोकांना आठ आठवडे रोज 40 ग्रॅम दुधाचं फॅट दिलं, एका गटाला साईच्या रूपात, म्हणजे सालीसकट, दुसऱ्याला साल नसलेल्या बटर ऑइलच्या, म्हणजे जवळपास आपल्या तुपासारख्याच गोष्टीच्या रूपात. बटर ऑइलवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, साईवाल्यांचं तसं वाढलं नाही. फॅट तेवढंच. एकाच अभ्यासावर नाचायचं नाही हे मान्य, पण मला ह्यातून एवढं कळलं की फॅट किती ह्याच्याइतकंच ते कुठल्या रूपात हेही बघावं.

तर ताक करा ते खरं करा. दह्यात पाणी घालून मिक्सर फिरवला की होतं ते पातळ दही, चांगलंच आहे, त्यात सगळंच आहे, पण फॅटही सगळं आहे. साय-दह्याचं करायचं असेल तर रोजची साय एका डब्यात विरजणासकट साठवा, सहा-सात दिवसांच्या वर नको, नाहीतर कडवट वास येतो. घुसळायच्या आधी डबा फ्रीजबाहेर काढून जरा वेळ ठेवा, फार गार असेल तर लोणी येता येत नाही आणि फार कोमट असेल तर लोण्याचा लगदा होतो. सोलापुरात मे महिन्यात बर्फाचे चार खडे टाकावेच लागतात. रवीचा आवाज आधी हलका येतो, मग घट्ट, जड, आणि एका क्षणी एकदम पातळ पाण्यासारखा छपछप येतो, तेव्हा थांबा, कडेला पिवळट-पांढरे दाणे दिसायला लागलेले असतात. हातानं गोळा करा, खाली राहिलं ते ताक. पहिलं ताक पाणी न घालता घ्या, जिरं, किंचित मीठ, कोथिंबीर, आणि दुपारी कडक भाकरी चुरून. ह्याच्यापुढं मला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतली भेळसुद्धा नको.

लोणी कढवून तूप केलं की त्यात राहतं शुद्ध फॅट, ब्युटिरिक ॲसिड थोडं, ए जीवनसत्त्व, आणि सीएलए नावाचं एक फॅट जे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू बनवतात. हिरवा चारा मिळालेल्या जनावराच्या दुधात सीएलए आणि गाईच्या बाबतीत पिवळा रंग जास्त. आमच्याकडं गाईचं श्रावणातलं तूप पिवळंधमक आणि चैत्रात नुसत्या कडब्यावरच्या गाईचं फिकट, हे कुणीही सांगेल. म्हशीचं कायम पांढरं, कारण ती चाऱ्यातला पिवळा रंग आधीच जीवनसत्त्व ए करून टाकते. पांढरं म्हणून कमी असं नाही. सीएलएनं वजन उतरतं वगैरे जे सांगतात त्याला माणसांत फार दम दिसलेला नाही, त्यामुळं तूप चमच्यानंच.

ए-टू, शेळी आणि बाकीचा बाजार

ए-टू तुपाचा भाव ऐकून मला घाम फुटतो. भानगड एवढीच की केसीनमधल्या एका प्रकारात 209 मण्यांची माळ असते, त्यातला 67 वा मणी काही गाईंत प्रोलिन असतो, त्याला ए-टू म्हणायचं, काहींत हिस्टिडिन, तो ए-वन. ए-वन पचताना बीसीएम-7 नावाचा तुकडा जास्त सुटतो आणि त्यावरून शुगर, हृदयविकार, सगळ्याची भीती घातली गेली. युरोपच्या त्याच संस्थेनं 2009 मध्ये सगळे अभ्यास तपासले, आजाराशी संबंध सिद्ध होत नाही म्हणाले. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, एफएसएसएआयनं, 2024 च्या ऑगस्टमध्ये पाकिटावरचे ए-वन ए-टू दावे काढा म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत ते पत्र मागेही घेतलं, म्हणजे गोंधळ तिथंही आहेच. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुपात प्रथिन जवळजवळ नसतंच, मग ए-टू तूप म्हणजे बिनकांद्याच्या भज्याला लाल कांद्याचा भाव. आणि म्हशीचं दूध सगळं ए-टूच असतं. आपल्या जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस आहे, खांद्यामागं जाणारी तलवारीसारखी शिंगं, दुधाला फॅट सात टक्क्यांच्या आसपास. ती रोज दारात ए-टू देतीय, तिला फक्त कुणी लेबल लावलेलं नाही.

शेळीचं दूध. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढतात म्हणून शेळीच्या दुधाचा भाव गगनाला जातो, पावशेरासाठी लोक पहाटे गावात गाड्या घालतात. त्यानं प्लेटलेट वाढतात ह्याला आधार नाही, डेंग्यूत प्लेटलेट आपल्या आपण वर येतात आणि श्रेय शेळीला जातं. वर लोक ते कच्चं पाजतात, आधीच आजारी माणसाला. उकळून प्यायचं असेल तर प्या, पचायला बरं आहे, पण पाणी, ओआरएस आणि डॉक्टर सोडून शेळीच्या मागं लागू नका.

रात्री गरम दुधानं झोप लागते म्हणतात, दुधात ट्रिप्टोफॅन असतं हे खरं, पण एका कपात ते इतकं थोडं की मला वाटतं झोप लावतो तो मोबाइल बाजूला ठेवून कप धरून बसलेला वेळ. हळद घाला न घाला, तुमची आवड.

कुणी जपून

वर्षाखालच्या बाळाला वरचं दूध मुख्य अन्न म्हणून नको. एक-दोन वर्षांच्या पोराला दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, कारण दुधात लोह जवळजवळ नाही आणि पोट दुधानं भरलं की ते भाकरी, वरण, भाजी काही खात नाही. "आमचं बाळ लिटरभर दूध पितं" असं अभिमानानं सांगणाऱ्या घरातल्या बाळाचं हिमोग्लोबिन एकदा बघाच, आमच्याच नात्यात आठ निघालं होतं.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर सकाळी गोळी पाण्यासोबत आणि दूध, दुधाचा चहा लगेच नाही, कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. दूध निदान तासाभरानं, कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर चार तासांनी. काही अँटिबायोटिकचंही असंच असतं, मेडिकलवाल्याला विचारून घ्या. किडनीचा त्रास असेल तर दूध किती हे डॉक्टर सांगतील तेवढंच, त्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम तुमच्या हिशोबात बसलं पाहिजे.

बाकी मोठ्या धडधाकट माणसाला दोन ग्लासांच्या आसपास, त्यात दूध, दही, ताक सगळं धरून. आमच्या घरी हल्ली सकाळी एकदा तापवलेलं दूध, त्यातलं चहाला जाईल ते जाईल, दुपारी ताक, रात्री दही विरजायला. कालच अक्कांना रिकामा डबा परत द्यायला गेलो, रिकामा कसा द्यायचा म्हणून ताक भरून दिलं, पाणी न घातलेलं, पहिलं. त्यांनी झाकण उघडून आधी वास घेतला, मामासारखाच.